लिनक्स कर्नलमधलं एसएमबी-१: जुना कोड काढण्याआधी तो वेगळा कसा करावा लागला

"माउंट एरर ११२, होस्ट इज डाउन." २०१७ च्या शेवटी शेवटी ज्यांनी आपलं लिनक्स मशीन ४.१३ कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) नेलं आणि मग कोपऱ्यातला जुना नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कवरची फाइल साठवायची पेटी, माउंट करायला, म्हणजे जोडायला गेले, त्यातल्या बऱ्याच जणांना स्क्रीनवर ही ओळ दिसली. होस्ट काही डाउन नव्हता, पिंग व्यवस्थित जात होता, बाजूच्या विंडोज ७ मशीनवरून तोच शेअर सरळ उघडत होता, एफएसटॅबमधली (काय काय माउंट करायचं याची यादी असलेल्या फाइलमधली) ओळ कित्येक वर्षं कोणी बदललेली नव्हती. बदललं होतं ते फक्त कर्नलच्या आतलं एक डिफॉल्ट. या एका डिफॉल्टच्या मागे-पुढे काय काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण जुना नेटवर्क फाइल सिस्टिम कोड साफ कसा करायचा याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि ते काम अजूनही चालूच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, थोडक्यात सांगतो. एसएमबी म्हणजे विंडोजच्या जगातलं फाइल शेअरिंग. मूळ आयबीएममध्ये १९८० च्या दशकात जन्मलं, मायक्रोसॉफ्टने वाढवलं, आणि नव्वदच्या दशकात त्याच्याच एका रूपाला सीआयएफएस नाव पडलं, बोलताना सगळे सिफ्स म्हणतात. लिनक्समध्ये यासाठी आधी एसएमबीएफएस नावाचा ड्रायव्हर होता, मग २००२ साली स्टीव्ह फ्रेंच यांनी लिहिलेला सिफ्स ड्रायव्हर कर्नलच्या २.५ मालिकेत आला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं हे दोन्ही शेजारी शेजारी नांदले. जुना एसएमबीएफएस सगळ्यांना नकोच होता, तरी तो गेला कधी तर २०१०-११ मध्ये, आणि तोही का, तर कर्नलमधलं बिग कर्नल लॉक नावाचं जुनाट कुलूप काढायचं काम जोरात सुरू झालं होतं आणि हा ड्रायव्हर ते कुलूप धरून बसला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढेही दर वेळी असंच झालंय, जुन्या कोडला धक्का बसला तो बाहेरून बसला.

तर सिफ्स ड्रायव्हर लिहिला गेला तेव्हा जगात एसएमबी-१ हे एकच होतं. त्यात कमांड आणि सबकमांड मिळून शंभराच्या वर. एकच काम करायचे तीन तीन मार्ग, कारण ओएस/२ साठी एक, विंडोज ९५-९८ साठी एक, एनटीसाठी एक. ड्रायव्हरमध्ये 'लेगसी ओपन' नावाचं फंक्शन वेगळं आणि साधं ओपन वेगळं. मग २००६ च्या सुमारास व्हिस्टासोबत एसएमबी-२ आलं आणि मायक्रोसॉफ्टने तो पसारा १९ कमांडवर आणला, हेडर ३२ बाइटचा ६४ बाइट झाला, मेसेजचा नंबर १६ बिटांचा होता तो ६४ बिटांचा झाला. म्हणजे ही नुसती नवीन आवृत्ती नव्हती, वायरवरून जाणारी भाषाच बदलली होती.

लिनक्सच्या क्लायंटमध्ये एसएमबी २.१ आलं २०१२ च्या डिसेंबरात, ३.७ कर्नलमध्ये, आणि त्यातलं बरंचसं काम पावेल शिलोव्स्की यांचं. इथे एक निर्णय घेतला गेला जो मला आजही बरोबर वाटतो. नवीन ड्रायव्हर वेगळा न लिहिता जुन्यातच एक ऑपरेशन टेबल टाकलं, म्हणजे फंक्शन पॉइंटरचं एक मोठं स्ट्रक्चर, त्यात ओपन कसं करायचं, रीड कसं करायचं, क्रेडिट, म्हणजे सर्व्हर एका वेळी किती मागण्या घेईल तो कोटा, कसे मोजायचे हे प्रत्येक आवृत्तीने आपापलं भरायचं, आणि वरचा कोड फक्त टेबलाकडे बघून हाक मारणार. एसएमबी-१ चं टेबल एका फाइलमध्ये, एसएमबी-२ चं दुसऱ्या. ऐकायला एकदम स्वच्छ. पण टेबलामागे गेलं तेवढंच जेवढं तेव्हा एसएमबी-२ चालायला लागत होतं, बाकीचं जिथल्या तिथे राहिलं. वाड्याची वाटणी झाली, दरवाजे वेगळे झाले, पण आड एकच राहिला, तसं झालं.

फाइल उघडायचं फंक्शन घ्या. वरवर बघता ते आवृत्ती न बघता चालणारं, सगळ्यांना समान. पण आत मधोमध एक भलीमोठी अट: सर्व्हरला युनिक्स एक्स्टेन्शन, म्हणजे एसएमबी-१ ला युनिक्स-लिनक्ससाठी जोडलेल्या जादा सोयी, येतात का, या सेशनला युनिक्सची क्षमता आहे का, आणि या सर्व्हरचं पॉझिक्स ओपन (युनिक्सच्या नियमांनी फाइल उघडणं) मोडकं असल्याची खूण आधीच लागलेली नाही ना. हे सगळं जमलं तर एसएमबी-१ चा खास पॉझिक्स ओपन पाठवायचा. त्यावर सर्व्हरने भलताच एरर दिला तर लॉगमध्ये संदेश टाकायचा की या या सर्व्हरने अनपेक्षित उत्तर दिलं, पॉझिक्स ओपन बंद करतोय, सर्व्हरचं अपडेट आहे का बघा, आणि मग ती मोडकी असल्याची खूण लावून नेहमीच्या मार्गाने पुढे जायचं. हे सगळं मुख्यतः सांबाच्या, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या एसएमबी सर्व्हरच्या, फार जुन्या आवृत्त्यांमधल्या एका बगसाठी. आज एसएमबी ३.१.१ वर फाइल उघडणाऱ्याचा या अटीशी काडीचा संबंध नाही, तरी फंक्शन वाचणाऱ्याला ती दर वेळी डोक्यातून पार करावी लागायची. आणि अशा अटी फाइल, डिरेक्टरी, आयनोड अशा तिन्ही मोठ्या फाइल्समध्ये जागोजागी होत्या. जुना कोड जड होतो तो असा, त्याच्या ओळींच्या संख्येने नाही तर तो नव्या कोडच्या मधोमध बसलेला असतो म्हणून.

आता २०१७. मार्चच्या १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने एसएमबी-१ सर्व्हरमधली भोकं बुजवणारा एमएस१७-०१० पॅच दिला, एप्रिलमध्ये त्याच भोकांतून शिरणारं इटर्नलब्लू हे हत्यार उघड्यावर आलं, १२ मेला ते वापरून पसरणारा वॉनाक्राय हा व्हायरस सुटला, आणि जूनच्या २७ तारखेला नॉटपेट्या हा दुसरा. नॉटपेट्याने मर्स्क ही जहाज कंपनी जगभर आडवी केली तेव्हा आपल्याकडे न्हावा शेव्याला जेएनपीटीमधलं त्यांच्याच समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं, कंटेनरच्या रांगा लागल्याच्या बातम्या इथल्या पेपरांत होत्या. फाइल शेअरिंगच्या एका जुन्या प्रोटोकॉलमुळे उरणच्या रस्त्यावर ट्रेलर अडकून पडतात, इतकं हे प्रकरण जमिनीवरचं आहे. (नॉटपेट्या फक्त एसएमबीच्या भोकांतून नाही पसरला, चोरलेले पासवर्डही वापरत होता, पण एसएमबी-१ हा त्याचा एक मार्ग होताच.)

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी कारण तेव्हाही गोंधळ होता आणि आजही लोक गोंधळ करतात. ते भोक विंडोजच्या सर्व्हर कोडमध्ये होतं. लिनक्सच्या सिफ्स क्लायंटमध्ये इटर्नलब्लू नव्हतं. मग लिनक्सने डिफॉल्ट का बदललं? कारण लिनक्सचा क्लायंट तोपर्यंत न सांगता एसएमबी-१ च मागायचा, आणि जोपर्यंत ऑफिसातल्या दहा-वीस लिनक्स मशीन एसएमबी-१ मागतायत तोपर्यंत विंडोज सर्व्हरवाला ते बंद करू शकत नाही. क्लायंटचं डिफॉल्ट सर्व्हरचे हात बांधून ठेवतं. शिवाय एसएमबी-१ मध्ये साइनिंग, म्हणजे मेसेज मधे बदलला नाही याची खूण, एमडी५ या जुन्या कमकुवत हॅशवर, एन्क्रिप्शन नाही म्हणावं असंच, आणि मधल्या माणसाने बोलणं खालच्या पातळीवर उतरवलं तर पकडायची सोय नाही, हे दोष क्लायंटलाही लागू होतेच. मायक्रोसॉफ्टचे नेड पाइल तर २०१६ पासूनच एसएमबी-१ वापरणं थांबवा म्हणून जाहीर सांगत होते.

३ सप्टेंबर २०१७ ला ४.१३ आलं आणि त्यात सिफ्सचं डिफॉल्ट १.० वरून ३.० झालं. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी रिलीजच्या निवेदनात याचा वेगळा उल्लेख केला आणि साधारण असं म्हटलं की एसएमबी-१ कोणी वापरायलाच नको होतं, तेव्हा कोणाला फरक पडू नये, पण काहींना नक्की पडणार कारण विचार न करता लोक तेच वापरत राहिलेत. हे असं उघडपणे, सगळ्यात वर सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कर्नलचा मोठा नियम आहे की वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम मोडायचं नाही. इथे ते जाणूनबुजून मोडलं, पण सांगून मोडलं आणि परत जायचा रस्ता ठेवून मोडलं: माउंट करताना व्हर्स=१.० लिहा, जुनं सगळं पूर्वीसारखं चालेल. लॉगमध्येही संदेश यायचा की तुम्ही आवृत्ती सांगितलेली नाही, डिफॉल्ट आता जास्त सुरक्षित आहे, जुन्या सर्व्हरसाठी व्हर्स=१.० द्या. प्रश्न एवढाच की तो संदेश डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये, आणि माणसाच्या डोळ्यासमोर मात्र "होस्ट इज डाउन". ज्याने डीमेसग उघडलं तो दोन मिनिटांत सुटला, ज्याने नाही उघडलं तो केबल तपासत बसला.

पण पहिल्या फटक्यात एक गोष्ट चुकीची केली गेली असं माझं स्पष्ट मत आहे. डिफॉल्ट ३.० म्हणजे फक्त ३.० मागायचं. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ हे २.१ च्या पुढे जात नाहीत, आणि २०१७ मध्ये ते दोन्ही अगदी जिवंत होते. म्हणजे ज्यांचा एसएमबी-१ शी काही संबंध नव्हता अशा सर्व्हरचीही दारं बंद झाली. एसएमबी-२ च्या पहिल्याच निगोशिएट मेसेजमध्ये, म्हणजे कोणती आवृत्ती बोलायची हे ठरवणाऱ्या मेसेजमध्ये, आपल्याला येणाऱ्या आवृत्त्यांची यादी पाठवायची सोय आहे, सर्व्हर त्यातली चढती निवडतो. ती सोय वापरायला हवी होती, आणि महिन्याभरात वापरली गेलीच: ४.१४ साठी पॅच आला आणि तो मागे ४.१३.५ मध्येही घेतला, आता क्लायंट २.१ आणि त्यावरचं जे जमेल ते निवडू लागला. सिफ्स माउंटच्या मॅन पेजमध्ये आजही ते वाक्य आहे की ४.१३ च्या आधी १.०, ४.१३ ते ४.१३.५ च्या मध्ये ३.०, आणि पुढे निगोशिएशन. एका महिन्याच्या त्या पट्ट्यात ज्यांनी कर्नल अपडेट केलं त्यांनीच सगळ्यात जास्त सोसलं.

एसएमबी-१ वर आपोआप घसरणं मात्र मुद्दाम ठेवलं नाही, आणि ते योग्यच. एकदा का क्लायंट स्वतःहून खाली उतरायला तयार झाला की मधल्या हल्लेखोराला फक्त वरच्या आवृत्तीची उत्तरं अडवायची, बाकी काम क्लायंटच करून देतो.

आता ज्यांनी व्हर्स=१.० कायमचं लिहून टाकलं त्यांना सरसकट आळशी म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडे लिनक्स होतं, सांबा सर्व्हर आणि सिफ्स क्लायंट, आणि युनिक्स एक्स्टेन्शन फक्त एसएमबी-१ वरच होती. ती असली की चेमॉड (परवानग्या बदलणं) चालतं, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइल) चालतात, मालक-ग्रुप बरोबर दिसतात. एसएमबी-२ किंवा ३ वर गेलं की हे सगळं गायब. मग एमएफसिमलिंक्ससारखे पर्याय, म्हणजे साध्या फाइलमध्ये ठरावीक मजकूर लिहून तिला सिमलिंक समजायचं, किंवा परवानग्या एसीएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या परवानग्यांच्या यादीत, कोंबायच्या, अशा तडजोडी. एसएमबी ३.१.१ साठी पॉझिक्स एक्स्टेन्शनचं काम लिनक्स क्लायंटमध्ये २०१८ पासून यायला लागलं, पण क्लायंटला येऊन भागत नाही, सर्व्हरलाही यावं लागतं, आणि त्याला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे जुनं बंद करा म्हणताना त्याची एक खरी उपयोगी गोष्ट नव्यात आलेलीच नव्हती. माझ्या मते या सगळ्या साफसफाईतला सगळ्यात कच्चा दुवा हाच.

पुढचा टप्पा २०१८ चा, ४.१८ मध्ये. कर्नल बिल्ड करताना एक कॉन्फिग पर्याय आला, असुरक्षित जुन्या आवृत्त्या चालू ठेवायच्या का. डिफॉल्ट हो. ज्या डिस्ट्रोला, म्हणजे उबंटू-फेडोरासारख्या लिनक्स वितरणाला, नको ते बंद करू शकतात. पर्याय बंद केला की एसएमबी-१ ने माउंट होणार नाही, पण त्याचा कोड मात्र बराचसा तरीही बिल्ड होऊन मॉड्यूलमध्ये (कर्नलला लागेल तेव्हा लोड होणाऱ्या तुकड्यात) बसायचाच, कारण वर सांगितलं तसं सगळं एकमेकांत गुंतलेलं.

आणि मग २०२१. या वेळी धक्का आला क्रिप्टोवाल्यांकडून. कर्नलच्या क्रिप्टो सबसिस्टिममधून एमडी४ आणि आरसी४ सारखे मोडीत निघालेले अल्गोरिदम काढायचा विषय निघाला, आणि ते कोण वापरतंय बघितलं तर सिफ्स. जुनं लॅनमॅन ऑथेंटिकेशन काय करायचं बघा: पासवर्ड आधी कॅपिटल अक्षरांत न्यायचा, १४ अक्षरांवर कापायचा, सात-सातचे दोन तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा डीईएस या जुन्या एन्क्रिप्शनची किल्ली म्हणून वापरायचा. म्हणजे १४ अक्षरी पासवर्ड फोडायचा नाहीच, सात अक्षरांचे दोन वेगवेगळे फोडायचे, तेही लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसलेले. त्यानंतरचं एनटीएलएम जरा बरं, पासवर्डचा एमडी४ हॅश १६ बाइटचा, त्याला शून्यं जोडून २१ बाइट करायचे आणि तीन डीईएस किल्ल्या पाडायच्या, ज्यातल्या शेवटच्या किल्लीत खरे बाइट फक्त दोन! ५.१५ मध्ये रॉनी सालबर्ग यांच्या पॅचने हे दोन्ही काढून टाकलं, सेक=एनटीएलएम आणि सेक=लॅनमॅन हे माउंट पर्याय गेले आणि सिफ्सचं डीईएसवरचं अवलंबित्व संपलं.

एमडी४ मात्र काढता आलं नाही. एनटीएलएमव्ही२, जे आजही घराघरातल्या शेअरवर चालतं, त्याचीही पहिली पायरी पासवर्डचा एमडी४ हॅशच आहे. मग तोडगा काय काढला तर एमडी४ आणि आरसी४ च्या प्रती सिफ्सने स्वतःच्या घरात नेल्या, एसएमबीच्या सामायिक डिरेक्टरीत ठेवल्या, म्हणजे क्रिप्टोवाल्यांना आपलं अंगण झाडता येईल आणि इथलं काम अडणार नाही. काहींना हे घाण एका खोलीतून दुसरीत सरकवणं वाटेल. मला नाही वाटत. आधी एमडी४ सगळ्या कर्नलला खुलं होतं, उद्या कोणीही नवा कोड लिहिणारा चुकून वापरू शकला असता, आता ज्याला गरज आहे त्याच्याच दारात ते आहे आणि त्याची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट आहे. त्याच ५.१५ मध्ये केएसएमबीडी हा कर्नलमधला नवा एसएमबी सर्व्हर आला, आणि त्यात एसएमबी-१ घेतलंच नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये खरी चिरफाड सुरू झाली. स्टीव्ह फ्रेंच यांनी एसएमबी-१ चे पॅकेट बनवणारी मोठी फाइल त्या कॉन्फिग पर्यायाखाली नेली, त्यात चुकून राहिलेली सगळ्यांना लागणारी फंक्शन बाहेर काढली, आणि फाइल-डिरेक्टरी-आयनोडमधले एसएमबी-१ चे तुकडे इफडेफमध्ये गुंडाळले, म्हणजे पर्याय चालू असेल तरच बिल्ड होतील अशा खुणांच्या आत टाकले. पर्याय बंद ठेवला तर सिफ्सचं मॉड्यूल १० टक्क्यांहून जास्त लहान झालं. त्याच कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) पुढचा हेतूही लिहून ठेवलाय की जुना कोड शेवटी वेगळ्या मॉड्यूलमध्ये न्यायचाय, आणि हे इफडेफ नंतरच्या पॅचमध्ये कमी करत आणायचेत. इफडेफ कोणालाच आवडत नाहीत, फंक्शन वाचताना मधेच कोड सुरू होतो मधेच संपतो, डोळे दुखतात. तरी मी या पायरीच्या बाजूने आहे, कारण इफडेफ लावल्याशिवाय सीमा कुठे आहे हेच कळत नव्हतं. वर सांगितलेली ती पॉझिक्स ओपनची अट आता इफडेफच्या आत गेली, आणि पहिल्यांदाच ते फंक्शन वाचणाऱ्याला दिसलं की एवढा भाग जुन्याचा, बाकीचा आपला. मे २०२३ मध्ये, ६.४ च्या वेळी, सिफ्स आणि केएसएमबीडी दोन्ही एकाच एसएमबी डिरेक्टरीखाली क्लायंट, सर्व्हर आणि कॉमन असे मांडले गेले, ही सूचना लायनस यांचीच.

दरम्यान हा कोड सांभाळायची किंमत चढतच होती. ६.१० मध्ये सिफ्सचं वाचणं-लिहिणं नेटएफएस या सामायिक लायब्ररीवर गेलं, डेव्हिड हॉवेल्स यांचं काम. एसएमबी-२ आणि ३ चा मार्ग रोज हजारो लोक वापरतात, काही बिघडलं की लगेच ओरड होते. एसएमबी-१ चा मार्ग क्वचितच कोणी टेस्ट करतं. परिणाम असा की नेटएफएसमध्ये पुढे बदल झाले तेव्हा एसएमबी-१ चा रीड कॉलबॅक, म्हणजे वाचून झाल्यावर चालणारं फंक्शन, जुन्याच पद्धतीने, भरलेलाच नसलेला वर्क आयटम (पुढच्या कामाची चिठ्ठी) रांगेत टाकायला जात होता, आणि तो २०२५ मध्ये वेगळ्या पॅचने दुरुस्त करावा लागला. एसएमबी-२ मध्ये आधीच बदललेलं काम इथे पुन्हा करायचं, दर वेळी. त्याच सुमारास विंडोज एनटी आणि ९५-९८ शी बोलताना येणाऱ्या अडचणींवरही पॅच आले, म्हणजे कोणीतरी खरंच इतक्या जुन्या मशीनशी आजही लिनक्स जोडतंय आणि त्यासाठी मन लावून कोड लिहितंय. म्हणून सरळ डिलीट मारा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. तो कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये गेला की ज्यांना हवाय ते लोड करतील, आणि बाकीच्यांना फाइल उघडायचं फंक्शन ओएस/२ चा विचार न करता वाचता येईल.

तुमच्याकडे काय चाललंय ते बघायचं असेल तर प्रॉकखालच्या एफएस, सिफ्समध्ये डीबगडेटा नावाची फाइल आहे, रूट होऊन कॅट करा, प्रत्येक जोडणीपुढे डायलेक्ट, म्हणजे एसएमबीची आवृत्ती, दिसेल, ०एक्स३११ असेल तर तुम्ही ३.१.१ वर आहात. आणि एफएसटॅबमध्ये व्हर्स=१.० शोधा. सापडलं तर आधी ते काढून माउंट होतंय का बघा, कारण कित्येकदा नॅसचं फर्मवेअर मधल्या काळात सुधारलेलं असतं, सांबाने तर ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, स्वतःच एसएमबी-१ डिफॉल्टने बंद ठेवलंय. दोन्हीकडे लिनक्स असेल तर काढल्यावर सिमलिंक आणि परवानग्या नक्की तपासा, बॅकअपच्या स्क्रिप्ट त्यांच्यावरच अडतात. आणि नाहीच झालं माउंट, तर डीमेसग उघडा, केबल नंतर बघा.